मज्जारज्जूच्या इजेनंतर हाताचे पुनर्वसन आणि बाह्य मेंदू-उत्तेजन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : मज्जारज्जूची इजा, चारही अवयवांचा लुळेपणा, मेंदू-उत्तेजन, हाताचे पुनर्वसन, धाराशिव जिल्हा.

प्रस्तावना

मज्जारज्जूच्या इजेविषयी मराठी समाजात जी जाणीव आहे ती प्रामुख्याने चाकाच्या खुर्चीभोवती निर्माण झालेली आहे. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आणि त्यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात उभारलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था मराठी वाचकास परिचित आहे. 1965 च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागूनही 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर हे अलीकडे चित्रपटामुळे नव्या पिढीलाही ठाऊक झाले आहेत. पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी जवानांसाठी 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. या केंद्रात मानेखाली लुळे झालेले जवानही राहतात. परंतु संस्थेचे नाव मात्र पायांच्या लुळेपणावरून पडलेले आहे, ही बाब लहान असली तरी सूचक आहे.

वरील दोन्ही व्यक्तींच्या कर्तृत्वामागे शाबूत राहिलेले हात आहेत. पोहण्यास हात लागतात, संस्था चालविण्यासाठी लिहिण्यास हात लागतात आणि चाकाची खुर्ची स्वतः ढकलायची तर त्यासही हातच लागतात. इजा मानेच्या मणक्यांत झाली तर हे गृहीतच कोसळते. पाय गेलेल्या माणसाचे चित्र समाजमनात ठसलेले आहे. चमचा धरता न येणाऱ्या, अंगावर बसलेली माशी हाकलता न येणाऱ्या माणसाचे चित्र तुलनेने अंधुक आहे. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात मज्जारज्जूची इजा झालेल्या 681 व्यक्तींना कोणती क्षमता परत मिळाल्यास जीवनात सर्वाधिक फरक पडेल, असे विचारण्यात आले होते. चारही अवयव बाधित झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या व्यक्तींनी हात आणि पंजा यांना पहिला क्रम दिला. चालणे त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते.

या पार्श्वभूमीवर, कवटी न उघडता बाहेरून मेंदूस उत्तेजित करून हाताची हालचाल सुधारण्याचे जे प्रयोग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झाले त्यांकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात अशा निवडक प्रयोगांचे चिकित्सक वाचन करून, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) सारख्या जिल्ह्यातील रुग्णासाठी त्यांतून काय निष्पन्न होते याचा विचार केला आहे. लेखाचे स्वरूप वैद्यकीय सल्ल्याचे नाही. एखाद्या ग्रंथाची समीक्षा करताना त्यातील विधाने कोणत्या आधारावर उभी आहेत हे जसे तपासले जाते, तशीच ही तपासणी आहे.

उपचारामागील कल्पना

हात हलविण्याची आज्ञा मेंदूच्या बाह्यपटलातील हालचालीशी संबंधित भागातून निघते, मज्जारज्जूतून खाली उतरते आणि मानेच्या पातळीवर तेथील चेतापेशींना भेटून पुढे स्नायूपर्यंत जाते. मज्जारज्जूस इजा झाली म्हणजे तो सर्वस्वी तुटलाच असे बहुतेक वेळा नसते. अनेक रुग्णांत काही तंतू शिल्लक असतात; परंतु त्यांतून जाणारा संदेश इतका क्षीण असतो की स्नायू त्यास प्रतिसाद देत नाही. फुटलेल्या कालव्यातून शेवटच्या शेतापर्यंत पाझरभर पाणी पोहोचावे, पण त्यावर पीक उभे राहू नये, तसा हा प्रकार आहे. वरून विसर्ग वाढविला किंवा शेवटच्या दारावर पाणी धरून ठेवले तर काही साधेल काय, हाच मेंदू-उत्तेजनामागील प्रश्न होय.

त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिली ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस. 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण करून हाताचा स्नायू हलवून दाखविला. पुढे हे स्पंद एकामागून एक दिल्यास मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता काही काळ बदललेली राहते, असे दिसून आले. साधारणतः सेकंदाला पाच किंवा अधिक स्पंद दिल्यास ती वाढते व सेकंदाला एक स्पंद दिल्यास घटते, असा संकेत रूढ झाला. दुसरी पद्धत टीडीसीएस या नावाने ओळखली जाते. तीत ओल्या स्पंजाच्या आवरणातील दोन विद्युदग्रांमधून एक ते दोन मिलिअँपिअर इतका अत्यल्प एकदिश प्रवाह सामान्यतः वीस मिनिटे दिला जातो. 2000 मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी या प्रवाहाचा परिणाम प्रवाह थांबल्यानंतरही काही मिनिटे टिकतो असे दाखविल्यापासून या पद्धतीचा प्रसार झाला. टीएमएसचे यंत्र महागडे, अवजड व प्रशिक्षित मनुष्यबळ मागणारे आहे. टीडीसीएसचे उपकरण बॅटरीवर चालते आणि पिशवीत मावते. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

प्रयोग काय सांगतात

मज्जारज्जूच्या रुग्णांत टीएमएसचा उपचार म्हणून वापर केल्याचा वारंवार उद्धृत होणारा प्रारंभीचा अभ्यास 2004 मधील आहे. बेल्ची, डेव्ही आणि सहकाऱ्यांनी जुनी, अपूर्ण स्वरूपाची इजा असलेल्या रुग्णांना पाच दिवस उत्तेजन दिले. त्यांच्या स्नायूंच्या व संवेदनेच्या गुणांकात सुधारणा आढळली आणि खुंट्या छिद्रांत बसविण्याच्या चाचणीत लागणारा वेळही कमी झाला. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. रुग्ण चार होते.

चार रुग्णांवरील अभ्यास निरुपयोगी असतो असे नव्हे. नव्या दिशेचा पहिला प्रयत्न असाच लहान असतो. परंतु पुढील दोन दशकांच्या लेखनात हा अभ्यास ज्या वजनाने उद्धृत होत राहिला, त्या वजनाचा भार चार व्यक्तींवर टाकता येतो काय, हा प्रश्न उरतो. 2011 मध्ये कुप्पुस्वामी व सहकाऱ्यांनी पंधरा रुग्णांवर, खऱ्या उत्तेजनाची लटक्या उत्तेजनाशी तुलना करून, अशाच स्वरूपाचा प्रयोग केला. या वेळी प्रमाणित गुणांकांत दोहोंमधील फरक ठळकपणे दिसला नाही. आशा निर्माण करणारा अभ्यास आणि तीस आवर घालणारा अभ्यास यांपैकी पहिल्याचेच नाव अधिक ऐकू येते. ज्ञानव्यवहारातील ही प्रवृत्ती केवळ वैद्यकापुरती मर्यादित नाही, हे अध्यापक वर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सैद्धांतिकदृष्ट्या सर्वाधिक लक्षणीय काम मोनिका पेरेझ यांच्या गटाचे आहे. बंडे व पेरेझ यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेंदूवरील चुंबकीय स्पंद आणि मनगटाजवळील चेतेस दिलेला विद्युत स्पंद यांची जोडी लावण्यात आली. मेंदूकडून खाली येणारा संदेश मज्जारज्जूतील चेतापेशीपाशी, चेतेकडून वर जाणाऱ्या संदेशाच्या एक-दोन मिलिसेकंद आधी पोहोचेल, अशी वेळ प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे मोजून ठरविण्यात आली. अशा शंभर जोड्या दिल्यानंतर हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद व त्यांची ताकद काही काळ वाढलेली आढळली. हा परिणाम एक तासाहून अधिक काळ टिकला. दोन संदेशांचा क्रम उलटा केल्यास तो लाभ मिळत नव्हता. एकत्र चेतविल्या जाणाऱ्या पेशींमधील दुवा घट्ट होतो, या जुन्या गृहीतकाचा माणसाच्या मज्जारज्जूत आढळलेला हा देखणा पडताळा होय. मात्र प्रयोग शास्त्राच्या दृष्टीने सिद्धीस जाणे आणि रुग्णाच्या दृष्टीने उपयोगी पडणे यांत अंतर आहे. तासाभराने ओसरणारी ताकद हा उपचार नव्हे. तो उपचाराच्या शक्यतेचा पुरावा होय. मिलिसेकंदाचा हिशोब मांडण्यासाठी स्नायूंचे विद्युत आलेखन करणारी प्रयोगशाळा आणि त्यात मुरलेला संशोधक लागतो, ही गोष्ट वेगळीच.

उत्तेजनास हाताच्या प्रत्यक्ष सरावाची जोड देणारे अभ्यास त्यानंतर वाढत गेले. 2015 मध्ये गोमेस-ऑस्मान व फील्ड-फोट यांनी अकरा रुग्णांना हाताच्या पुनरावृत्त सरावासोबत सेकंदास दहा स्पंदांचे टीएमएस दिले. सुधारणा खऱ्या व लटक्या अशा दोन्ही प्रकारच्या उत्तेजनानंतर झाली. खऱ्या उत्तेजनानंतर ती काहीशी अधिक दिसली. या निष्कर्षाचे वाचन सहसा ‘उत्तेजनाने अधिक लाभ झाला’ असे केले जाते. तोच निष्कर्ष दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. ज्यांना लटके उत्तेजन मिळाले त्यांचाही हात सुधारला, कारण तेही सराव करीत होते. टीडीसीएस आणि यंत्रमानवी बाहूच्या साहाय्याने केलेला सराव यांची सांगड घालणारे छोटे प्रयोगही झाले आहेत. त्यांतील सहभागी व्यक्तींची संख्या बोटांवर मोजता येईल इतकीच आहे.

लटक्या उत्तेजनाविषयी येथे थोडे सांगणे इष्ट ठरेल. टीडीसीएसच्या प्रयोगात लटक्या गटास सुरुवातीचे साधारण अर्धा मिनिट प्रवाह दिला जातो व नंतर तो गुपचूप बंद केला जातो. त्वचेवरची झिणझिण सुरुवातीसच जाणवत असल्याने आपल्याला खरा उपचार मिळाला की लटका, हे रुग्णास सहसा ओळखता येत नाही. टीएमएसचे स्पंद मात्र डोक्यावर टकटक जाणवतात, आवाजही करतात. त्यामुळे हुबेहूब लटके उत्तेजन घडविणे कठीण जाते. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणी तरी तज्ज्ञाने यंत्र धरणे, रोज तासभर त्याच्याकडे लक्ष देणे, यातूनही तो अधिक जोर लावू लागतो. तो जोर खरा असतो. फक्त त्याचे श्रेय यंत्रास द्यावे काय, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक अडचण व्यक्तिभेदाची आहे. 2014 मध्ये पन्नासहून अधिक निरोगी व्यक्तींवर केलेल्या एका स्पॅनिश अभ्यासात उत्तेजनाच्या तीन पद्धती तपासण्यात आल्या. प्रत्येक पद्धतीस निम्म्याहून कमी व्यक्तींनी अपेक्षित दिशेने प्रतिसाद दिला. निरोगी मेंदूची ही अवस्था असेल, तर जिथे इजेची पातळी, तिची तीव्रता, मध्ये गेलेली वर्षे आणि बॅक्लोफेनसारख्या औषधांची मात्रा हे सारेच प्रत्येकात वेगळे असते, तिथे सरासरी काढून बोलणे किती सावधपणे करावे लागेल, याची कल्पना येते.

मेंदूऐवजी थेट मानेच्या त्वचेवरून मज्जारज्जूस उत्तेजन देण्याची पद्धत अलीकडे पुढे आली आहे. तिच्यावरील ‘अप-लिफ्ट’ या प्रयोगाचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. चौदा केंद्रांवर साठ व्यक्तींनी तो पूर्ण केला; त्यांपैकी 72 टक्के व्यक्तींत ताकद आणि कार्यक्षमता या दोहोंत दखलपात्र सुधारणा आढळली, आणि त्या वर्षअखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाने उपकरणास परवानगी दिली. या क्षेत्राच्या मानाने साठ ही संख्या मोठी आहे. परंतु या प्रयोगात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. त्याच व्यक्तींनी आधी दोन महिने केवळ सराव केला आणि पुढील दोन महिने उत्तेजनासह सराव केला. चौथ्या महिन्यातील हात हा चार महिन्यांच्या सरावाचाही हात असतो, ही शंका अशा रचनेतून पूर्णपणे फिटत नाही. तरीही इजा होऊन अनेक वर्षे, काहींच्या बाबतीत दशके लोटलेल्या व्यक्तींतही बदल दिसला, हे महत्त्वाचे आहे. ‘वर्ष उलटले, आता काही होणार नाही’ या रुग्णालयीन वाक्यास त्याने निश्चितच धक्का दिला आहे.

मोजपट्टीवरचा हात आणि घरातला हात

या सर्व अभ्यासांत हाताची सुधारणा म्हणजे नेमके काय मानले गेले? स्नायूंची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत मोजली जाते. प्रत्येक बाजूचे पाच प्रमुख स्नायूगट धरले जातात, म्हणजे दोन्ही हात मिळून जास्तीत जास्त पन्नास गुण होतात. याखेरीज नऊ खुंट्या छिद्रांत बसविणे, पत्ते उलटणे, चमच्याने राजम्याचे दाणे उचलणे, बाटलीतून पाणी ओतणे, किल्ली फिरविणे, फटीत नाणे टाकणे अशा चाचण्या असतात. त्या काळजीपूर्वक तयार केलेल्या आहेत आणि निरनिराळ्या केंद्रांतील निकालांची तुलना त्यांच्यामुळेच शक्य होते. तथापि त्या एका विशिष्ट राहणीतून आलेल्या आहेत, हे नजरेआड करता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील घरात जेवणाचा हात म्हणजे भाकरी मोडणारा, ती कालवणात कुस्करून घास करणारा हात. चमचा पट्ट्याने पंजास बांधून देता येतो आणि त्यावर माणूस स्वतः जेवू शकतो. भाकरीस तसा पट्टा नाही. पाणी पिण्याचे भांडे तांब्या असेल तर त्याची मान धरण्यास लागणारी पकड बाटलीच्या पकडीहून वेगळी. या बारीकसारीक गोष्टी वाटतील. पण इजा झालेला माणूस चारचौघांत जेवायला बसतो की आतल्या खोलीत कोणाच्या तरी हातून भरवून घेतो, हे त्यांवरच ठरते.

त्याहून गंभीर बाब मूत्रविसर्जनाची आहे. मज्जारज्जूच्या रुग्णाने ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हा मान्यताप्राप्त मार्ग होय. ज्याची बोटे तेवढी चालतात तो हे स्वतः करतो. ज्याची चालत नाहीत त्याच्या बाबतीत एक तर घरातील कोणी दिवसातून चार-सहा वेळा हे करायचे, अथवा नळी कायमची ठेवायची आणि तिच्याबरोबर येणारा जंतुसंसर्ग सोसायचा. पन्नासपैकी दोन-चार गुणांची वाढ या एका कामापर्यंत पोहोचते की नाही, हे विचारल्याशिवाय ती वाढ मोठी की लहान हे ठरविता येणार नाही. ग्रामीण कुटुंबात ही सेवा बहुधा पत्नी किंवा आई करते. तिचा शेतमजुरीचा दिवस त्यात जातो. कोणत्याही गुणांकात तो दिवस धरलेला नसतो.

प्रयोगाच्या दाराबाहेर

प्रयोगात कोणास घ्यावे याचे निकष असतात आणि ते बहुतांशी सुरक्षिततेसाठी असतात. आकडी येण्याचा इतिहास, डोक्यात धातू, चालू असलेला जंतुसंसर्ग, भरून न आलेले बेडसोर, आवाक्यात नसलेला रक्तदाब, अशा व्यक्ती सामान्यतः वगळल्या जातात. मानेच्या इजेत भरलेले मूत्राशय किंवा तशाच क्षुल्लक कारणाने रक्तदाब एकाएकी भडकू शकतो, म्हणून ही दक्षता योग्यच आहे. मात्र निकषांची ही यादी धाराशिवमधील रुग्णाच्या दृष्टीने वाचली की निराळे चित्र उभे राहते. खेड्यातील कापसाच्या गादीवर, कूस बदलण्याचे वेळापत्रक कोणी न शिकविलेल्या घरात, बेडसोर आणि मूत्रसंसर्ग हा अपवाद नसतो. म्हणजेच उत्तेजनाच्या संशोधनात जो ‘रुग्ण’ दिसतो तो मुळात प्राथमिक काळजी नीट मिळालेला, त्वचा शाबूत असलेला, आठवड्यातून तीन-चार दिवस केंद्रापर्यंत येऊ शकणारा आणि बहुधा अपूर्ण इजेचा आहे. त्याच्यावर काढलेले निष्कर्ष दुसऱ्यास लावताना मधल्या पायऱ्या गाळल्या जातात.

इजेची कारणेही पाहण्यासारखी आहेत. पाश्चात्त्य देशांत मोटार अपघात आणि वृद्धांचे पडणे यांचा वाटा मोठा आहे. भारतातील अनेक रुग्णालयीन अभ्यासांत उंचावरून पडणे हे प्रमुख कारण म्हणून पुढे येते. झाड, छत, बांधकामाची परांची, कठडा नसलेली विहीर, डोक्यावरचे ओझे घेऊन घसरणे ही ती कारणे. या जिल्ह्यातून उसतोडीस जाणाऱ्या टोळ्या, उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि सोलापूर-धुळे महामार्गावरील दुचाकींची वर्दळ लक्षात घेता, मान मोडणारा माणूस बहुधा कमावत्या वयाचा, अंगमेहनतीवर जगणारा असणार हे उघड आहे. त्याच्या लेखी हात म्हणजेच उत्पन्न.

‘पुनर्वसन’ या शब्दाचा जिल्ह्यातील अर्थ

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि त्याच्या दुप्पट जखमी झाली. सास्तूरसारखी गावे आजच्या लोहारा तालुक्यात मोडतात. जाड दगडी भिंती आणि मातीने लादलेली माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेव्हापासून या दोन जिल्ह्यांच्या बोलीत ‘पुनर्वसन’ म्हणजे घर, प्लॉट आणि पुनर्वसित गाव. आजही एखाद्यास त्याच्या पुनर्वसनाविषयी विचारले तर तो खोल्यांची संख्या सांगेल.

हा भाषिक योगायोग नाही. त्या भूकंपाच्या निमित्ताने पुनर्वसनाची जी शासकीय यंत्रणा उभी राहिली तिचे एकक घर होते, शरीर नव्हते. ढिगाऱ्याखालून काढलेल्यांत पाठीचा वा मानेचा कणा दुखावलेली माणसेही होती. त्यांना सोलापूर, लातूर, पुणे, मुंबई येथे उपचार मिळाले, नंतर घरही मिळाले. पण त्या घराच्या उंबऱ्याची उंची किंवा शौचालयाच्या दाराची रुंदी त्यांच्या खुर्चीच्या मापाने ठरली नव्हती. भूकंपरोधक बांधकामाचे शिक्षण या भागातील गवंड्यांपर्यंत पोहोचले, हे त्या कार्यक्रमाचे मोठे यश होते; शरीराच्या पुनर्वसनाचे शिक्षण त्या प्रमाणात कोणाहीपर्यंत पोहोचले नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसन सेवा पुरविण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर टाकली आहे, परंतु ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही शब्दयोजना तेथेच आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांभोवती केलेली आहे. मणक्यात स्क्रू बसविणे तीत बसते, सहा महिने रोज बोटे हलवून घेणे बसत नाही.

वास्तविक पाहता हेच सहा महिने निर्णायक असतात. मज्जारज्जूच्या इजेनंतर आपोआप होणारी सुधारणा प्रामुख्याने पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते. उत्तेजनाचे बहुतेक प्रयोग मात्र वर्ष उलटलेल्या, स्थिर झालेल्या रुग्णांवर केले जातात. कारण आपोआप होणारी सुधारणा आणि उपचारामुळे झालेली सुधारणा यांची गल्लत होऊ नये. संशोधनाच्या शिस्तीसाठी हे आवश्यकच आहे. परंतु परिणाम असा होतो की, ज्या काळात हात वाचविण्याची शक्यता सर्वाधिक त्या काळाविषयीचा पुरावा सर्वांत विरळ राहतो.

यंत्र की सराव

धाराशिव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. लातूर व सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. मज्जारज्जूच्या विशेष पुनर्वसनाची नावे घ्यायची तर मात्र खडकी, मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय संस्था, दिल्लीतील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी दूरची नावे येतात. वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या उभारणीत डॉ. मेरी व्हर्गीस यांचा वाटा होता आणि त्या स्वतः 1954 च्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर होत्या. हात त्यांचेही शाबूत होते. खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रिया करीत.

अशा स्थितीत जिल्हा पातळीवर मेंदू-उत्तेजनाचे यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न आज ना उद्या कोणत्या तरी नियोजन समितीपुढे येईल. यंत्राची खरेदी दिसते, तिचे उद्घाटन करता येते. व्यवसायोपचार तज्ज्ञाचे पद भरले तर फीत कापता येत नाही. उपरोक्त प्रयोगांच्या वाचनातून येथे एक विसंगती पुढे येते. ज्या पद्धतीमागील कार्यकारणभाव सर्वांत स्पष्ट आहे, ती स्पंदांची जोडी लावण्याची पद्धत, प्रयोगशाळेबाहेर नेणे अवघड आहे. जी पद्धत पिशवीत घालून परंड्याला किंवा कळंबला सहज नेता येईल, त्या टीडीसीएसचा हातासंबंधीचा पुरावा सर्वांत तोकडा आहे. आणि ज्या घटकाविषयी मतभेद नाही, म्हणजे कामाशी निगडित, शेकडो वेळा केलेला देखरेखीखालील सराव, तो कोणत्याही यंत्राशिवाय देता येतो. पण तो देणारा माणूसच जिल्ह्यात दुर्मीळ आहे. पुण्या-मुंबईत मनोविकारांसाठी टीएमएस देणारे दवाखाने आहेत. नैराश्यावरील उपचार म्हणून त्यास अमेरिकेत 2008 पासून मान्यता आहे. त्या मान्यतेच्या आधारे मज्जारज्जूच्या रुग्णाच्या नातेवाइकांस आश्वासन दिले जात असेल, तर ते आश्वासन उपलब्ध पुराव्याच्या पलीकडचे आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. जमीन गहाण टाकून पुण्यात महिनाभर खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबास हे आधीच कळणे आवश्यक आहे.

याचा अर्थ या संशोधनापासून जिल्ह्याने दूर राहावे असा नव्हे. टीडीसीएसचा प्रयोग जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवरही करता येण्यासारखा आहे; अट एवढीच की लटके उत्तेजन मिळणाऱ्या गटासही तितक्याच तासांचा सराव, तोच तज्ज्ञ आणि येण्याजाण्याचे तेच भाडे मिळाले पाहिजे. मोजमापात भाकरीचा घास आणि नळी घालणे यांचा समावेश असावा. असा प्रयोग उत्तेजनाविषयी नकारार्थी निष्पन्न झाला तरी सहभागी झालेल्या प्रत्येकास काही महिन्यांचा सराव मिळालेला असेल, जो अन्यथा मिळाला नसता.

तोपर्यंत एक गोष्ट मात्र यंत्राविना आणि खर्चाविना गावोगावच्या आशा कार्यकर्तीपर्यंत पोहोचविता येईल. ज्याचे मनगट वर उचलता येते पण बोटे हलत नाहीत, अशा रुग्णात मनगट वर केले की बोटे आपोआप आत वळतात आणि हलक्या वस्तूची पकड बसते. कण्डऱ्यांच्या आखडलेपणावर अवलंबून असलेल्या या पकडीवर कित्येक जण जेवतात, लिहितात, मोबाइल धरतात. घरचे लोक मात्र मायेपोटी रोज तेल लावून, मनगट मागे रेटून, बोटे एकाच वेळी सरळ ताणीत राहतात. बोटे वाकडी राहू नयेत हा त्यांचा हेतू असतो. काही महिन्यांत बोटांचे कण्डरे सैल पडतात आणि ती पकड जाते. बोटे सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट मागे करायचे तर बोटे मुठीत ठेवून, एवढेच दाखवायचे असते. त्यास दहा मिनिटे लागतात, आणि ते रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशीच दाखवावे लागते.